मोठीआईनं केलेली माझी कसरत

आमच्या घरात एकाचा उपास दुसऱ्यानं धरायची रीत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा टायफॉईडनं आडवे झाले तेव्हा त्यांचे सोमवार मोठीआईनं धरले. माझा दहावीचा गणिताचा पेपर होता त्या दिवशी पेपर सुटेपर्यंत तिनं तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि मी पास झाले तेव्हा माझ्या अभ्यासाचं नाव कुणी काढलं नाही. गल्लीतल्या एका पोराला आकडी यायची, तर त्याच्या आत्यानं त्याच्या वतीनं नारायणगडाला लोटांगण घातलं. ज्याचं दुखणं त्यानंच सगळं सोसावं, हा विचारच आमच्याकडं कुणाच्या मनाला शिवला नव्हता. ज्वारीचं पोतं दोघांनी दोन टोकांना धरून उचलावं तसं दुखणंही घरानं वाटून घ्यायचं. पुढं मी सगळं आयुष्य मास्तरकी केली, पोरांना विज्ञान शिकवलं, अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली. तरी या रीतीला मी हसत नाही. आमच्या सूनबाई हसतात, हसू देत. त्यांनी मोठीआईला पायरीवर उभी राहिलेली बघितलेलं नाही.

मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याची बायको. चुलते मळ्यात राहायचे आणि भाकरीपुरते घरी यायचे. लिंबागणेशला आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या पाठीमागं घर. दुकानात तराजू धरायची ती आई, कारण अण्णांच्या हातात तराजू दिला की ते गुळाचा खडा तोडता तोडता गिऱ्हाइकाच्या सासुरवाडीपर्यंत पोचायचे आणि माप तिकडंच राहायचं. म्हणून आई पुढं, अण्णा पोत्यांपाशी, आणि चूल सगळी मोठीआईची. करडईच्या तेलातली लसणाची फोडणी, येसराची आमटी, हुलग्याचे शेंगोळे, श्रावणात भगर आणि शेंगदाण्याची आमटी, हे सगळं तिच्या हातचं. घरातला पहिला आवाजही तिचाच असायचा. पहाटे ती अंथरुणातून उठली की भिंत धरून चालायची आणि तिच्या बांगड्या भिंतीला घासत चुलीपर्यंत जायच्या. चार-दोन खेपा झाल्या की हात भिंतीवरून सुटायचा. वय झालं की बायका सकाळी अशाच चालतात, अशी माझी समजूत होती. ती तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, हा हिशेब मी फार उशिरा केला. तिला काय होतंय हे कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

बारावीचे पेपर संपले आणि चकलांब्याला आतेबहिणीचं लग्न निघालं. वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलं आणि ट्रॉलीतूनच परत आलं. गावात आल्यावर ट्रॉली पुरती थांबायच्या आधीच मी खाली उडी टाकली. पायात नव्या उंच टाचेच्या चपला, अंगात लग्नाची हवा. पाय घोट्यात मुडपला आणि आतून वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज आला. तासाभरात घोटा टमटमीत सुजला. शेजारच्या बाईनं अंड्याच्या पांढऱ्यात तुरटी घालून लेप लावायला सांगितला, पण आमचं लिंगायताचं घर. अंडं हा शब्दसुद्धा आमच्याकडं उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून बोलायचा. मग आंबेहळद लावली, ऊन विटेचा शेक दिला, आणि तरीही सूज हटेना तेव्हा बीडला नेलं. फोटो काढला. घोट्याच्या हाडाला चीर गेलेली. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि महिन्यानं काढायला या म्हणाले.

इथं आमच्या अण्णांचं डोकं चाललं. त्यांनी त्याच साली दुकानावर स्लॅब टाकला होता, आणि गुत्तेदारानं त्यांना शिकवून ठेवलं होतं की सेंट्रिंग जितकी उशिरा काढावी तितका स्लॅब पक्का. महिना भरला तेव्हा अण्णा म्हणाले, घाई कशाला, अजून एक महिना राहू द्या, हाड लोखंडासारखं होईल. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, कारण तोपर्यंत मी राणी झाले होते. ताट जागेवर, पाणी जागेवर, केस विंचरायला मोठीआई. दोन महिन्यांनी बीडला गेलो आणि प्लास्टर कापलं, तेव्हा डॉक्टर बराच वेळ अण्णांकडं नुसते बघत राहिले. मग म्हणाले, हाड जुळलंय, पण पाय आखडला.

तो पाय माझा वाटतच नव्हता. पिंढरी वाळून गेलेली, कातडीचे पापुद्रे निघालेले, आणि पंजा खाली झुकून तसाच धरलेला. उभी राहिले की बोटं टेकायची आणि टाच अधांतरी. टेकवायला गेलं की घोट्याच्या पुढून कळ निघून गुडघ्यापर्यंत जायची. आणि नेमका त्याच आठवड्यात अंबाजोगाईच्या डीएडला माझा नंबर लागल्याचा निरोप आला. पोळा झाला की कॉलेज सुरू. आमच्या घराण्यातली एकही बाई शिकायला परगावी गेलेली नव्हती. मला मास्तरीण व्हायचं होतं, दुसरं काहीच व्हायचं नव्हतं. अण्णांनी माझ्या पायाकडं बघितलं आणि अगदी शांतपणे, मायेनं म्हणाले, "टाच टेकली तर जा, गंगे. न्हाईतर लोकांच्या गावात लंगडत फिरायचं न्हाई. आपलं दुकान हाय. गल्ल्यावर बस." त्यांनी रागानं म्हटलं असतं तर भांडले असते. मायेशी कोण भांडणार? आईचा हात तराजूवर थांबला, मग तिनं पुढचं माप घातलं.

डॉक्टरांनी एक चिठ्ठी देऊन पाठवलं ते बीडच्या एका बाईंकडं. वऱ्हाड प्रांतातल्या होत्या, नवऱ्याच्या नोकरीमुळं बीडला आलेल्या, आणि राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी काम मांडलं होतं. बाहेर फिजिओथेरपी अशी पाटी. आज बीडमध्ये कुठल्याही चौकात उभं राहून खडा मारला तरी असल्या पाटीला लागेल, पण तेव्हा तो शब्द अण्णांच्या तोंडात बसेना. आम्ही त्यांना कसरतीच्या बाई म्हणायला लागलो. अण्णा रस्ताभर कुरकुरत होते, की पोरीचा पाय नीट करायचाय, तिला कुस्तीला उभी करायची नाही.

आत गेल्यावर बाई बुटक्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी माझा पाय उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मला घाम फुटला. शिकलेली, चांगल्या घरची बाई आणि तिच्या मांडीवर माझा सोललेला पाय. मी झटक्यानं पाय मागं घेतला आणि वाकून नमस्कार केला. बाईंनी पुन्हा पाय घेतला, मी पुन्हा वाकले. तेव्हा त्या म्हणाल्या, दर वेळी पाया पडत बसलीस तर आपल्या दोघींना संध्याकाळ होईल, आता एकदाच काय तो मोठा नमस्कार करून ठेव. मी खरंच एकदाच वाकून मोठा नमस्कार करून ठेवला. मग त्यांनी टेबलावरचा हाडांचा पाय दाखवला. तारेत ओवलेली केवढी तरी हाडं, काही चिंचोक्याएवढी. एवढ्याशा पायात इतकी हाडं एकमेकांना धरून बसतात आणि आपण बिनदिक्कत त्यांच्यावर उभे राहतो, धावतो, ट्रॉलीतून उड्या मारतो, हे बघून मी गप्पच झाले. कुठल्याही देवळात गेल्यावर मला तसं गप्प व्हायला झालं नव्हतं.

एका पसरट भांड्यात मेण वितळवलेलं होतं. बाईंनी माझा पाय त्यात बुडवून काढला, पुन्हा बुडवला, पुन्हा काढला, आणि पायावर पांढरा जाड थर चढला. ऊब हाडात शिरत गेली. थोड्या वेळानं त्यांनी तो थर सोलला तर सगळा पायमोजा अख्खा निघून आला, आणि त्याच्या आत माझ्या टाचेच्या भेगा, बोटांच्या रेघा, घोट्यावरची जुनी खूण, सगळं उमटलेलं. अण्णा खुर्चीतून उठून बघायला आले. मग बाईंनी एका हातानं माझी नडगी धरली आणि दुसऱ्या हाताचा पंजा घोट्याच्या पुढं ठेवून हाड हळूहळू मागं रेटायला लागल्या. डोळे मिटलेले. मला दुखत होतं, पण दुखण्याच्या आत कुठंतरी केसभर जागा झाली, ती मला स्पष्ट कळली. दोन महिन्यांत तो पाय पहिल्यांदा हलला होता. मला रडू फुटलं आणि ते दुखण्याचं नव्हतं. बाई म्हणाल्या, बघ, दार आहे, नुसतं गंजलंय.

घरी करायच्या कसरती त्यांनी करून दाखवल्या. पंजाला ओढणी अडकवून स्वतःकडं ओढायचं. भिंतीला हात लावून दुखरा पाय मागं ठेवायचा आणि त्याची टाच जमिनीकडं दाबत न्यायची. पायरीच्या कडेवर पुढच्या पंजांनी उभं राहून टाचा सावकाश खाली सोडायच्या आणि सावकाश वर न्यायच्या. तळव्याखाली काचेची बाटली घेऊन पुढं-मागं फिरवायची. दोन्ही वेळा, रोज. निघताना त्यांनी अण्णांना बजावलं की दर आठवड्याला घेऊन या आणि घरी कसरत झालीच पाहिजे. अण्णांनी घरी येऊन त्याचा सारांश असा सांगितला की कसरत झालीच पाहिजे, आणि ती घरीच करायची आहे तर दर आठवड्याला बस कशाला धरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी उभी राहिले आणि टाच दाबली. अगंगं. दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावलं एवढ्या मोठ्यानं मी ओरडले. मोठीआई हात पिठाचे तसेच घेऊन चुलीपासून आली. "रडायलीस कावून? थांब. तुझ्यानं झाली तेवढी बास झाली. राहिलेली मी करते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिलाही वाटलं नाही, अण्णांनाही नाही. माझा पेपर होता तेव्हा ती उपाशी राहिलीच होती की. मी तिला एकेक कसरत दाखवली आणि तिनं ती बरोबर उचलली. बाईंनी सांगितलं होतं तशी, सावकाश, न हिसकता. आरंभी आम्ही अर्धी अर्धी करायचो. मग माझ्या वाट्याला ओढणीची तेवढी राहिली, ती बसून करता यायची म्हणून. बाकी सगळी मोठीआईनं घेतली.

आणि तिनं ती व्रतासारखी चालवली. आंघोळ केल्याशिवाय नाही. कपाळाला विभूती लावायची, पूर्वेकडं तोंड करायची, गंगीच्या पायासाठी असं पुटपुटायची, आणि मग ओसरीच्या पायरीच्या कडेवर पंजे टेकून उभी राहायची. चुलीवर दूध, हाताला खांबाचा आधार, आणि ती वर जायची, खाली यायची. बाटली सोड्याची होती, दुकानातली. ती रोज धुऊन भिंतीतल्या देवळीत ठेवायची आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गावात कळलं तेव्हा बायका बघायला आल्या, आणि मोठीआई किती करते पोरीसाठी म्हणून सगळ्यांनी तिचं नाव घेतलं. श्रावण लागला. सोमवारी ती निरंकार उपासातही कसरत चुकवायची नाही, उलट त्या दिवशी जास्त करायची, सोमवारचं पुण्य अधिक म्हणून. मी पलंगावर बसून बघायचे. माझी टाच तिथंच होती, अधांतरी, पण मी निर्धास्त होते. इतकं कुणी करतंय म्हटल्यावर गुण येणारच.

मग एकदा बाईंना पाय दाखवून यायचं ठरलं. अण्णा दुकानात अडकले म्हणून त्या खेपेला बीडला मोठीआई माझ्याबरोबर आली. बाई आधी आमच्यावर जराशा चिडल्या, इतके आठवडे कुठं होतात म्हणून. मग त्यांनी माझ्या घोट्याला कोन मोजायचं साधन लावलं, वाचलं, पुन्हा लावलं. कपाळाला आठी पडली. "कसरत करतेस ना गं?" मी तोंड उघडायच्या आत मोठीआई म्हणाली, "रोज होतीय बाई. दोन्ही येळा. एक दिस चुकला न्हाई." खोटं ती बोलतच नव्हती. बाई म्हणाल्या, मग दाखव बरं मला, कशी करतेस.

आणि मोठीआई उठली.

तिनं पदर खोचला, चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या आणि भिंतीपाशी लाकडी पाट होता त्याच्या कडेवर जाऊन उभी राहिली. तोंड पूर्वेकडं आहे का हे खिडकीतून बघून घेतलं. मग टाचा खाली सोडल्या, इतक्या सावकाश की सोडतेय हे कळूही नये, आणि तितक्याच सावकाश वर गेली. मग एक पाय उचलून दुसऱ्यावर, एकट्यावर. लुगडं नेसलेली, विभूती लावलेली, चुलीपुढं जन्म गेलेली बाई भिंतीला दोन बोटं टेकून एका पायाच्या पंजावर उभी होती आणि हलत नव्हती. मी घरी रोज बघत होते, पण बाईंच्या खोलीत, त्या हाडांच्या पायाशेजारी बघितलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. बाईंनी हात तोंडावर नेला. मला वाटलं हसणार. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "काकू, हे सगळं तुम्ही करत होतात? हिच्याऐवजी?"

"मग. लेकरू हाय, सोसवंना तिला."

बाईंनी तिला बाकावर बसायला सांगितलं. मोठीआई बसेना, ती खालीच बसली, तेव्हा बाईही खाली फरशीवर बसल्या आणि त्यांनी तिची टाच हातात घेतली. अंगठ्यानं टाचेच्या आतल्या बाजूला एक जागा चाचपली. "सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना इथं दुखायचं का?" मोठीआई बाईंकडं अशी बघायला लागली की जणू त्यांच्या अंगात देवी आली आहे. आमच्या घरात तिच्या लग्नापासूनच्या सगळ्या सकाळी गेल्या होत्या आणि हे विचारणारं पहिलं माणूस वऱ्हाडातून यावं लागलं. "दुखायचं," ती म्हणाली. "खिळा घुसल्यावानी. लई वर्सं." बाईंनी विचारलं, आणि आता? मोठीआईनं विचार केला. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. या श्रावणात ती भिंत न धरता चुलीपर्यंत जात होती आणि तिला ते कळलं नव्हतं, आम्हालाही कळलं नव्हतं.

"न्हाई दुखत," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती माझ्या अधांतरी टाचेकडं बघायला लागली. तिनं आपला पाय बाईंच्या हातातून काढून लुगड्याखाली ओढून घेतला. "मी हिचं खाल्लं वं बाई. हिच्या नावाचं होतं, ते मलाच लागलं."

मी जन्मात पुष्कळ माणसं रडताना बघितली. आपण बरं झालो म्हणून शरमेनं रडणारं माणूस तेवढं एकच बघितलं. बाईंच्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, काय हा अडाणीपणा. बाई तिच्याजवळ सरकल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही कुणाचं काही खाल्लं नाही. दुसऱ्यासाठी उपास धरता येतो. दुसऱ्यासाठी जेवता येत नाही. ही कसरत म्हणजे पायाचं जेवण आहे. जो पाय जेवेल त्याच्याच अंगी लागणार." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, तुझा पाय इतके दिवस उपाशी आहे. त्या दिवशी त्यांनी मला बराच वेळ राबवलं आणि सुटका दिली नाही. पोळ्यापर्यंत होईल का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही, तुझा पाय सांगेल.

परतीच्या बसमध्ये मोठीआई पाय लुगड्याखाली ओढूनच बसली. बाईंचं म्हणणं माझ्या डोक्यात शिरलं होतं, तिच्या शिरलं नव्हतं. तिनं त्या दिवसापासून कसरत बंद केली. बाटली देवळीतून काढून दुकानात ठेवली. आणि थोड्याच दिवसांनी पहाटे मला पुन्हा तो आवाज ऐकू आला, भिंतीला बांगड्या घासत चालल्याचा.

सोमवार होता. तिनं मला अंगणात बोलावलं. आंघोळ झालेली, महादेवाला बेल वाहून आलेली, हातात तांब्या. मला जोत्यावर बसवलं, माझा आखडलेला पाय पुढं घेतला आणि ओंजळीत पाणी घेऊन त्यात बेलाचं पान टाकलं. आमच्याकडं दान असं देतात, पाणी सोडून. एकदा पाणी सोडलं की ती वस्तू आपली राहत नाही. तिनं माझ्या घोट्यावर पाणी सोडलं आणि म्हणाली, "माझ्या पायाला आलेला गुण गंगीच्या पायाला जाऊ दे, महादेवा. माझं दुखणं मला माघारी दे."

पाणी गार होतं. ते घोट्यावरून बोटांकडं ओघळत होतं आणि ती त्याकडं टक लावून बघत होती, गुण उतरतोय का म्हणून. माणूस माणसाला काय काय द्यायला निघतं. तिच्याकडं स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतंच, एक सकाळी न दुखणारा पाय तेवढा नुकता मिळाला होता, तोही तिनं ओंजळीत घेऊन माझ्यावर ओतला. मी उठले. तशीच ओल्या पायानं भिंतीपाशी गेले, हात टेकले, पाय मागं ठेवला आणि टाच दाबली. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी ओरडले आणि दाबतच राहिले. मोठीआई धावत आली, "थांब, मी" एवढं म्हणाली आणि मधेच थांबली. तिचे हात पुढं आले होते, ते तिनं पदरात गुंडाळून घेतले. तिला ते किती जड गेलं असेल हे मला आज कळतं, मला स्वतःला पोरं झाल्यावर.

मी म्हटलं, "तू तुझी कर. तू न्हाई केलीस तर मी बी करणार न्हाई."

"माझी? माझ्या नावानं?" तिला खरंच उमजेना. "माझ्या नावानं कावून?"

"तुझा पाय हाय म्हणून."

ती पायरीवर जाऊन उभी राहिली, पण पुटपुटायला तिला शब्दच सापडेना. अण्णांचे सोमवार, चुलत्यांची चतुर्थी, माझे पेपर, गाईचं वेत, गल्लीतली आजारपणं, सगळ्यांच्या नावानं तिनं केलं होतं. स्वतःच्या नावावर तिचा एकही उपास नव्हता. शेवटी ती काहीच न पुटपुटता, कुणाचं नाव न घेता वर गेली, आणि खाली आली.

मग आम्ही दोघी रोज करायला लागलो. ती पायरीवर, मी भिंतीला. माझं ओरडणं दुकानात ऐकू जायचं आणि आई मुद्दाम तराजू आपटायची, मला समजावं की ती तिथं आहे. बीडला दर आठवड्याला जाणं सुरू झालं, आणि अण्णांनी त्यावर ब्र काढला नाही. संध्याकाळी दुकान मिटलं की ते आत येऊन उकिडवे बसायचे आणि पुड्या बांधायचा दोरा माझ्या टाचेखालून घालून दुसऱ्या बाजूनं ओढायचे. ही त्यांची स्वतःची पद्धत, पोती आणि पुड्या बांधणाऱ्या माणसाची. दोरा सरळ निघून यायचा. मग अडखळत यायला लागला. मग एका बाजूला घासून यायला लागला. अण्णा दोरा गुंडाळून खिशात टाकायचे आणि जेवायला बसायचे.

पोळ्याच्या आधीच्या संध्याकाळी चुलीवर पुरण शिजत होतं आणि वेलदोड्याचा वास सगळ्या घरात भरला होता. अण्णांनी दोरा घातला आणि ओढला. दोरा आला नाही. त्यांनी जरा जोर लावला. टचकन तुटला, आणि अर्धा त्यांच्या हातात आला, अर्धा माझ्या टाचेखाली राहिला. मी खाली बघितलं. माझा पाय जमिनीवर होता, सगळा, टाचेपासून बोटांपर्यंत. थंडगार फरशी मला टाचेला लागत होती. इतकी वर्षं ती फरशी होती आणि मी तिच्यावरून चालत होते, पण जमीन अशी असते, अशी सगळीकडून वर येऊन आपल्याला धरते, हे मला ठाऊक नव्हतं. अण्णा तसेच उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी माझ्या पायावर हात ठेवला, पाया पडताना लावतात तसा, जसा बापानं लेकीच्या पायाला लावू नये म्हणतात, आणि दुकानाकडं तोंड करून आईला हाक मारली, की ट्रंक काढ माळ्यावरची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. अण्णा ट्रंक सायकलीला लावून पुढं गेले. आई दुकान सोडून पहिल्यांदाच भरल्या सकाळी दारात उभी राहिली. आणि मोठीआई म्हणाली, मी येते एष्टीपर्यंत. धपाट्यांचं गाठोडं तिनं काखेत मारलं आणि आम्ही दोघी निघालो. मी अजून जपून पाय टाकत होते, टाच, मग पंजा, बाईंनी शिकवलं होतं तसं. गणपतीच्या देवळापाशी आलो आणि स्टँडावर एष्टीचा हॉर्न वाजला. मोठीआईनं लुगडं जरा वर खोचलं आणि झपाझप निघाली. मी बघते तर ती दहा पावलं पुढं, मग वीस. धूळ उडवत, गाठोडं सांभाळत, सरळ.

"मोठीआई," मी मागून ओरडले, "जरा हळू चाल की."

ती थांबली. असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, मग खाली आपल्या पायांकडं बघितलं, आणि हसत हसत आणखी जोरात निघाली.